इसोगाई न्हाव्याची बेडकांची फौज

जपानातल्या चिचिबू गावच्या मोरिओ इसोगाई न्हाव्याला ऐन साठीला टेकताना एका खेळानं पछाडलं. हातात धरायचा तो व्हिडिओ गेम त्यानं खोळंबलेल्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून आणला होता. पण गिऱ्हाइकांच्या हाती तो लागेल तर शपथ!

खेळ असा, की बटणं म्हणजे ढोल. तालात चार ठोके दिले की पडद्यावरची बेडकांची फौज पुढचे चार ठोके ‘केरो केरो’ ओरडून उत्तर देते आणि हुकूम पाळते. चाल करायचे ठोके वेगळे, भाला फेकायचे वेगळे, माघारीचे वेगळे. मात्र फौज उत्तर देत असताना मध्येच बटण दाबलं, की बेडूक तोंडावर आपटलेच. हा मनुष्य संडासातसुद्धा लढाया करी. बाहेर त्याची बायको फुसाए दार बडवी.

“अहो, बाहेर या! बेडूक जिंकोत नाहीतर मरोत, मला आत जायचंय!”

“आलो, आलो! माघारच घेतोय!”

डिसेंबर संपत आला तशी खरी पंचाईत झाली. नव्या वर्षासाठी आळीची मोची, म्हणजे भाताचा मऊ चिकट गोळा, कुटायचा मान या जोडप्याचा. वाफाळता चिकट भात उखळात पडला की मोरिओनं मोगरी हाणायची आणि दर दोन घावांच्या मध्ये फुसाएनं ओला हात घालून गोळा उलटायचा. यंदा तिनं सगळ्यांदेखत बजावलं, “तुमचा ताल गेलाय कामातून. चुकलात, तर मोगरी होशिना-सानच्या हातात.”

मासळीवाला होशिना बाह्या सरसावून तयारच होता. मोरिओचा चेहरा पडला. मोगरी गेली, तर वर्षभर दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक खुर्चीत बसून त्यालाच सोलणार.

धप्. धप्. धप्. धप्. आणि मोरिओ थांबला. मोगरी खांद्यावर, नजर आभाळात.

“काय हो, कंबर धरली का?” होशिनानं विचारलं.

“श्श! फौज उत्तर देतेय,” मोरिओ बोलून गेला.

आळी खो खो हसत सुटली. त्यानं पुन्हा चार घाव घातले, पुन्हा थांबला. हात काही ऐकेनात. इकडे भात थंड व्हायला लागला. बिचाऱ्यानं मान खाली घालून मोगरी पुढे केली. “घ्या, होशिना-सान.”

“तुम्ही लांब व्हा हो!” फुसाए होशिनावर खेकसली. मग नवऱ्याकडे वळली. “मारा चार. आणि थांबा.”

त्यानं मारले. तो थांबताच तिनं “केरो! केरो! केरो! केरो!” ओरडत चार वेळा गोळा उलटला. पुढच्या खेपेला सगळी आळी केरो केरो करू लागली. मोची लोण्यासारखी उतरली.

“नवऱ्यानं एवढा घोळ घातला, पण सांभाळून घेतलंत हां,” होशिना म्हणाला.

“घोळ कसला?” फुसाए हात पुसत म्हणाली. “इतकी वर्षं मी जीव मुठीत धरून मध्ये हात घालतेय. आज पहिल्यांदा हे माझ्यासाठी थांबले.”

मोरिओ तर बेडकांसाठी थांबला होता. तसं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तिच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा भात उखळात पडला. त्यानं चार घाव घातले आणि मोगरी खाली टेकवून, तिचा हात बाहेर येईपर्यंत तो उभा राहिला.