मैत्री भावनेत अडलेली शेजारीण

दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण विहारात ध्यानाला बसतो. शिकवणारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना दादा म्हणतात. आधी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं, मग मैत्री भावना. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग घरच्यांचं आणि शेवटी ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याला डोळ्यांसमोर आणून मनापासून म्हणायचं, तुझं कल्याण होवो.

माझी गाडी इथंच अडायची. दर रविवारी डोळ्यांसमोर शेजारची अक्का यायची आणि तोंडातून कल्याण काही निघायचं नाही.

अक्का तेलुगू घरातली. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला. ती दारात बसून विड्या वळते. आमच्या दोन घरांत भिंत एकच, पण तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. भांडण झालं ते उन्हाळ्यात. पाणी आलं त्या दिवशी तिनं नळाला मोटार लावली आणि माझ्या नळाची धार करंगळीएवढी झाली. मी तिच्या दारात गेले. शब्दाला शब्द लागला आणि तिनं माझी भरलेली घागर लाथेनं उलथवली. हे मी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. विहारातही सांगितलं.

दादा म्हणाले, "तिचं भलं व्हावं असं मनात येत न्हाय, तर न्हाय. जोर नका करू. येत न्हाय, एवढं तरी नीट बघा की."

मला ते उत्तर आवडलं नव्हतं. तरी बघत राहिले. मानेच्या मागं गरम व्हायचं, दात आवळले जायचे. मग मी रागातच उठायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

एका रविवारी ती गरमी आली आणि मी हललेच नाही. नुसती बसून राहिले. घागर दिसली, पाणी पसरलेलं दिसलं. आणि त्याच्या आधीचा अक्काचा चेहरा दिसला. तो रागाचा नव्हता. पांढराफटक पडला होता. असा का, म्हणून मी बघतेय तोवर माझाच आवाज ऐकू आला, "असली आई, म्हणूनच पोरगं घर सोडून गेलं."

तिचा एकुलता एक मुलगा त्या घागरीच्या प्रसंगाच्या आदल्याच वर्षी तिच्याशी भांडून निघून गेला होता. त्याचा फोनही येत नव्हता.

घरी आले तेव्हा माझी लेक भाकरी थापत होती. ती कॉलेजात शिकते. मी विचारलं, "त्या दिवशी मी अक्काला तिच्या पोरावरून काही बोलले होते का गं?"

तिचा हात थांबला. "बोललीस. मी पायरीवरच उभी होते. तू बोललीस, मग तिनं घागर उलथवली."

"मग इतक्या दिवसांत सांगितलं का नाहीस?"

"तू नेहमी घागरीपासूनच सुरू करायचीस," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून हळूच पुढं म्हणाली, "आई, त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती."

तव्यावरची भाकरी करपली. आम्ही दोघींनी ती तशीच खाल्ली.

अक्काकडे जायला मला चार दिवस लागले. आधी वाटीभर शेंगाचटणी घेतली, मग परत ठेवली. वाटीच्या आड लपायला मिळालं असतं. रिकाम्या हातानं गेले. ती दारात विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. वर बघितलंही नाही.

"अक्का, तुझ्या पोरावरून मी बोलले, ते वाईट बोलले. माझं चुकलं."

तिची बोटं विडी वळतच होती. "तीन वर्षांनी कळलं तुला? मला रोज ऐकू येतंय ते. सकाळी उठलं की आधी तेच."

मला सांगावंसं वाटलं, की तूही मोटार लावली होतीस. ते वाक्य पार ओठांपर्यंत आलं. मी एक श्वास आत घेतला, बाहेर सोडला. वाक्य गेलं.

"माफ केलं म्हणू? म्हणत नाही मी," ती म्हणाली. मग सूप जरा बाजूला सरकवलं. "उभी का राहिलीस? बस हितं."

मी बसले. ती तासभर मुलाबद्दल बोलत होती. लहानपणी त्याला मागाच्या खडखडाटाशिवाय झोप लागत नसे. भांडणात तिनं त्याच्यावर हात उचलला होता, हेही तिनं सांगितलं. मी मध्ये सल्ला दिला नाही. हे मला पहिल्यांदाच जमलं.

त्यानंतर मी दुपारची कधीकधी तिच्याकडे बसते. विडीची पानं कापून देते. माझी पानं वाकडी कापली जातात म्हणून शिव्या खाते. आमची घट्ट मैत्री झाली असं काही म्हणता येणार नाही. काही दिवस ती गप्पच असते. मग मीही गप्प बसते.

गेल्या दिवाळीनंतर अशीच बसले होते आणि तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं कानाला लावला आणि तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं. मुलगा होता. मायलेकांना बोलू द्यावं म्हणून मी उठले, तर तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं. ती तेलुगूत बोलत होती. मला ती भाषा फारशी येत नाही. पण 'तिन्नावा?' एवढं कळलं. जेवलास का, असं ती त्याला पुन्हा पुन्हा विचारत होती.