सुकाणूतली हवा

उभा जन्म छापखान्याच्या खडखडाटात काढून भाऊ निवृत्त झाला आणि त्याने एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. घरातून विरोध झाला असेल, तर तो त्याच्या कानावर आला नाही. हे थट्टेने म्हटलं तरी खरंच होतं. भाऊला ऐकू कमी यायचं. ते त्याला पुरतं ठाऊक होतं, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. चारचौघं हसली की तोही हसायचा. समोरच्याने भुवया वर केल्या की "अरे वा!" म्हणायचा. बायको म्हणायची, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं," आणि सगळे तेवढ्यावर भागवून घ्यायचे.

बोटीवर मात्र त्याला मोकळं वाटायचं. वाऱ्याचं म्हणणं शिडाकडे बघूनही कळतं.

या बोटीचं सुकाणू तेलाच्या दाबावर चालायचं. चाकामागे एक छोटा पंप होता. चाक फिरवलं की तो नळ्यांतून तेल मागे ढकलायचा, तिथल्या सिलेंडरचा दांडा सरकायचा आणि सुकाणू वळायचं. यंदा ते चाक ढिलं लागायला लागलं. बरंच फिरवावं तेव्हा कुठे बोट मनावर घ्यायची. भाऊ पंपात तेल ओतायचा. थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. आपल्यासारखंच तिचंही वय झालं, असं म्हणून त्याने विषय मिटवला होता.

अशात त्याची धाकटी बहीण आली. कपडे शिवायचं स्वतःचं दुकान होतं तिचं. साठीला टेकली तरी घरात ती चिमीच. वर्षभर ती फिरकली नव्हती, फोनही तुटक करायची. भाऊला वाटायचं, कामात असेल.

बोट धक्क्याला बांधलेली होती. चिमीने सहज चाक हातात घेतलं, फिरवलं आणि थबकली.

"दादा, हे काय वाजतंय गुळगुळ?"

भाऊ दोरी गुंडाळत पाठमोरा उभा होता. "हो ना, छान हवा सुटली आहे."

चिमी त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "अरे, कुणी चूळ भरावी तसा आवाज येतोय या चाकातून. तुला येत नाही ऐकू?"

"येतो की. जुनी बोट, थोडं वाजायचंच."

पण त्याला अर्थ कळला. गुळगुळ म्हणजे तेलात हवा, आणि तेल बाहेर गळत असल्याशिवाय हवा आत शिरत नाही. इतके महिने तो आवाज त्याच्या गुडघ्यापाशी होत होता. भर वाऱ्यात चाक रिकामं फिरलं असतं तर?

मागचं झाकण उघडून दोघांनी आत पाहिलं. सिलेंडरच्या दांड्याभोवतीचं रबरी सील झिजलं होतं आणि खाली तेलाचं थारोळं साचलं होतं. नवं सील बसवायला भाऊचा हात आत जाईना. चिमीचा गेला. आता नळ्यांतली हवा काढायची, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने पुढे चाक फिरवत पंपातलं तेल कमी होऊ द्यायचं नाही, दुसऱ्याने मागे सिलेंडरची बारकी चावी सैल करून तेल नळीने बाटलीत घ्यायचं, बुडबुडे थांबेपर्यंत.

"मी थांब म्हटलं की थांब," झाकणाखाली डोकं घालत चिमी म्हणाली. भाऊने मान हलवली आणि तिच्याकडे पाठ करून चाक धरलं.

पहिल्या काही फेऱ्या ठीक गेल्या. मग बाटलीतली नळी निसटली. "थांब! दादा, थांब! अरे थांब ना!" भाऊ आपला शीळ घालत चाक फिरवतोय. पलीकडच्या बोटीवरचा माणूस उठून बघायला लागला, पण भाऊ थांबला नाही.

चिमी समोर आली तेव्हा केसांपासून हनुवटीपर्यंत तेल निथळत होतं. ती ओरडली नाही.

"मी किती वेळा हाक मारली?"

भाऊने तिच्या ओठांकडे पाहिलं. "एकदा?" मग तो खाली बसला. "मला नाही गं ऐकू येत, चिमे. छापखान्यात होतो तेव्हापासून कमी होत गेलं."

तीही त्याच्यासमोर बसली. मग त्याला दिसेल असं, सावकाश बोलली. "गेल्या वर्षी मी फोन केला होता. डोळ्याचं ऑपरेशन आहे, भीती वाटते, दोन दिवस येशील का, म्हणून. तू म्हणालास, 'अरे वा, मस्तच!' आणि फोन ठेवलास."

भाऊला तो फोन आठवत होता. "मला वाटलं, तू नवं शिलाई मशीन घेतलंस."

"मी वर्षभर रुसून बसले," चिमी म्हणाली, "आणि तुला पत्ताच नाही!" तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिने तेलकट हाताने डोळे पुसले, म्हणजे आणखीच माखले. भाऊने धडपडत स्वच्छ फडकं शोधून दिलं. तो फडक्याचं दुसरं टोक धरून नुसता बसून राहिला.

काम अर्धं पडलं होतं. चिमीने एक बारीक दोरी घेतली, एक टोक भाऊच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःकडे ठेवलं. एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे उलट फिरव. एका बाजूची हवा निघाली, मग दुसऱ्या बाजूची. बुडबुडे विरळ होत गेले आणि शेवटी नळीतून नितळ तेलाची धार आली. चाक भाऊच्या हाताला घट्ट लागलं.

दुसऱ्या दिवशी ते बोट घेऊन बाहेर पडले. जरासं चाक वळवलं की बोट वळत होती. कानाच्या डॉक्टरकडे भाऊ गेला तो बऱ्याच दिवसांनी, बायकोने रेटल्यावर, आणि मिळालेल्या यंत्राबद्दल कुरकुरतच राहिला. पण त्या सकाळी त्याने चिमीला आपल्या अगदी समोर, उन्हाकडे तोंड करून बसवलं.

"ऑपरेशनचं सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"आता काय त्याचं?"

"सांग तरी."

तिने सांगायला सुरुवात केली.