गोधडीखालचा पंचनामा

गाडी चालवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि गाडी बिघडवणारी त्याहून जास्त आहेत; पण गाडीचा पंचनामा करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. आमचे हे व्याही बिलोलीचे. हयातभर तलाठी होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण तलाठीपण काही सुटलं नाही. घरात मांजरानं दूध सांडलं तरी ते आधी सांडलेल्या दुधाची लांबी-रुंदी मोजतात, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतात आणि मगच फरशी पुसू देतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या हातून कप फुटला, त्याचाही पंचनामा झाला. तो मी स्वतः वाचला आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी "नैसर्गिक आपत्ती" असं लिहिलं होतं. तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, तिसऱ्या हाताची पांढरी गाडी घेतली. पुढं दुष्काळ पडला, टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला, आणि त्याच वर्षी या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला तो विझेचना. एरवी त्याचं कुणी मनावर घेतलं नसतं. पण विहीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि नांदेडला माझ्या घराजवळच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तांदळातले खडे त्या आता हातानं चाचपून काढत होत्या. व्याह्यांनी मात्र जाहीर केलं की बायकोला एसटीत धक्के खायला लावणार नाही, नेईन तर आपल्याच गाडीतून, आणि दिवा विझल्याशिवाय ही गाडी बिलोलीची शीव ओलांडणार नाही. झालं, विहीणबाईंची नजर त्या दिव्यावर येऊन अडकली.

गॅरेजवाल्या मिस्त्रीकडं गाडी द्यायला ते तयार नव्हते. त्यांच्या मते मिस्त्री अंदाजे बोलतो, आणि अंदाजाला कायद्यात जागा नाही. मग त्यांना कुठूनसं कळलं की असल्या जुन्या गाड्या आपलं दुखणं आपणच सांगतात. डॅशबोर्डखालच्या एका प्लगच्या दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या, चावी फिरवायची, की तो पिवळा दिवा उघडझाप करून एक आकडा सांगतो. एकदा लुकलुकला, थांबला, मग चारदा लुकलुकला, तर चौदा. आकड्यावरून बिघाड कोणता ते कळतं. काम पाच मिनिटांचं. व्याह्यांनी त्याला चार महिने लावले.

कारण आकडा मोजायला पंच हवेत. त्यांच्या अंगणात नव्या जिल्ह्याच्या चर्चेसाठी रोज दुपारी माणसं जमायचीच. आपला तालुका कुठल्या जिल्ह्यात जाणार यावर त्यांचं दोन दिवस एकमत टिकत नसे. त्यातलेच पाच जण ते गाडीत बसवायचे. उन्हात दिवा नीट दिसत नाही म्हणून सगळ्यांच्या डोक्यावरून एक मोठी गोधडी. बिलोलीचा मे महिना, बंद गाडी, आत सहा माणसं आणि वर गोधडी. एकाला तेरा दिसायचे, दुसऱ्याला चोवीस, तिसरा घेरी येऊन बाहेर पडायचा. व्याही शांतपणे लिहायचे: "सदर वाहनाच्या पूर्वेस लिंब, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत, दक्षिणेस रिकामा रांजण. पंचांत एकमत न झाल्याने पाहणी तहकूब."

एकदा विहीणबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या की चौदा आहेत, मला धुरकटात तो दिवाच तेवढा दिसतो, म्हणून नीट मोजता येतात. व्याह्यांनी मान हलवली आणि घरच्या माणसाची साक्ष धरता येत नाही, असं सांगून कागद मिटला. मी फोनवरून कळकळून सांगितलं, गाडी मी पाठवतो, या. तर म्हणाले, नवा जिल्हा होऊ द्या, तिथं मोठा दवाखाना होईल, मग कशाला एवढ्या लांब? मधल्या काळात गाडीचं कौतुक काही कमी नव्हतं. आपल्या अंघोळीच्या वाट्याचं बोअरचं अर्धी बादली पाणी ते रेडिएटरला पाजायचे. मुकी आहे बिचारी, मागणार कशी, असं म्हणायचे आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायचे.

शेवटी मी वैतागून बिलोली गाठली. मनाशी ठरवूनच गेलो होतो की आज भांडायचं, मग लेकीचं सासर असो की काही असो. "जयभीम, इवाई, येळेवर आलात, आज पंच न्हाईत," म्हणत त्यांनी मलाच, म्हणजे व्याह्यालाच, गाडीत बसवलं आणि गोधडी ओढली. चावी फिरली. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग चारदा. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. माझा घाम टपटप गळत होता.

"चौदा," मी म्हणालो. "आता कुणाची सही पाहिजे?"

ते अंधारातच म्हणाले, "चौदाच हाय, इवाई. पहिल्या दिवशीच मोजलो व्हतो मी."

"मग चार महिने काय करून राहिले तुम्ही?"

"गाडी नीट झाली की तिला न्यावं लागतंय. डोळ्याला सुरी लावतेत हो. काय उलटं झालं म्हंजे? आता निदान माझा आकार तरी दिसतोय तिला."

भांडायचं राहूनच गेलं; मी चाचपत चावी बंद केली. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणूनच त्यांनी गोधडी काढली नसावी.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी स्वतःच मिस्त्रीला बोलावलं. इंजिनाच्या पाण्याची गरमी मोजणारा बोटाएवढा एक भाग त्यानं काढून दाखवला. बोअरच्या खारट पाण्यानं त्यावर पांढरा थर चढला होता. नवा बसवला, दिवा विझला. व्याही त्या पांढऱ्या थराकडं पाहत राहिले. ते पाणी त्यांनीच पाजलं होतं. पंचनामा मात्र केला नाही.

विहीणबाई पिशवी घेऊन लगेच बाहेर आल्या. ती पिशवी चार महिन्यांपासून भरून ठेवलेली होती, असं लेकीनं मला हळूच सांगितलं. नांदेडपर्यंत व्याह्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. मी मागं बसून सगळं ऐकत होतो. अर्ध्या वाटेत विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही भेता, हे मला ठाऊक व्हतं. म्हणून तर मी भांडले न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं भ्याव जायची वाट बघत व्हते."

व्याह्यांनी समोरचा रस्ता सोडून क्षणभर विहीणबाईंकडं पाहिलं.

दवाखान्यात विहीणबाईंना ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा त्यांच्या चपला बाहेरच राहिल्या. व्याह्यांनी त्या उचलल्या आणि दोन्ही हातांत धरून बाकावर बसले. मी चहा आणू का विचारलं. म्हणाले, "ती भायेर आली की दोघं मिळून घेतो." या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो, पण त्या बाकावर मला हसू आलं नाही. मग मीही त्यांच्या शेजारी बसलो, आणि चहा घेतला नाही.