चार बोटं वाढवलेली कॉलर

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत, त्या घरघराटात ग्रीसने माखलेले. घरी आले की हात धुवायचे, जेवायचं, बातम्या बघायच्या. बोलणं म्हणाल तर शब्दाशब्दाला पैसे पडल्यासारखं. लग्नात फोटोवाला ‘हसा, हसा’ म्हणून थकला, तेव्हा कुठे ह्यांचा एक दात दिसला. असा माणूस महिन्यातून एकदा पांढरा कोट घालून क्लबच्या स्टेजवर चढतो आणि परकी बाई कानात काहीतरी पुटपुटली की खळखळून हसतो. मी जळू नको तर काय करू?

नीट सांगते, नाहीतर मलाच वेडी ठरवाल. आम्ही लहान असताना एक गाणारी जोडी होती, एक तो आणि एक ती. दोघांना जाऊन जमाना झाला, पण त्यांच्या गाण्यांवर वाढलेली माणसं अजून आहेत आणि ती सगळी आमच्या क्लबात येतात. ह्यांचा बँड त्या जोडीची हुबेहूब नक्कल करतो. हुबेहूब म्हणजे कोटाची बटणं तीच, उभं राहायची ढब तीच, चुकासुद्धा त्याच. त्या जोडीच्या शेवटच्या कार्यक्रमात तो एका कडव्याला अडला होता. वाजवणारे थांबले, ती जवळ गेली, त्याच्या कानात काहीतरी बोलली, तो हसला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की आमचे हेही दर वेळी नेमके त्याच कडव्याला अडतात. लोक त्याचीच वाट बघत बसलेले असतात.

ह्यांच्या कानाशी लागणारी बाई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. मी तिला दातवाली म्हणते, मनातल्या मनात. तिचे दातही असे की जाहिरातीत लावावेत. आधीची गाणारी बाई गाव सोडून गेली म्हणून हिला घेतलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. आल्यापासून ह्यांच्या अंगात नुसता उत्साह. संध्याकाळी तालीम म्हटली की जेवणाचं भानसुद्धा राहत नाही.

माझी नणंद दर कार्यक्रमाला माझ्या शेजारच्या खुर्चीत असते. तिला दुसऱ्याच्या आगीत तेल ओतायची भारी हौस. एकदा म्हणाली, दादा घरी असा हसला तर तू डॉक्टरच बोलावशील. मी वरवर हसले आणि आतून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरंच होतं ना ते. इतक्या वर्षांत मी ह्यांना काय काय ऐकवलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या. एकदाही तसं हसू माझ्या वाट्याला आलं नाही.

ती काय सांगते, असं मी ह्यांना विचारलं. “काही नाही,” म्हणाले. मग दातवालीला गाठलं. क्लबच्या मागच्या बाजूला कप विसळत होती. म्हणाली, वहिनी, स्टेजवरचं स्टेजवरच राहू द्या. आणि वर गोड हसली. त्या दिवसापासून मी तिला पाण्यात पाहायला लागले.

मी कपड्यांच्या दुकानात मापाचं काम करते. लांब असेल ते आखूड, सैल असेल ते घट्ट. ह्यांचा जुना कोट कोपरांत फाटला तेव्हा नवा शिवायचं माझ्याकडेच आलं. फोटोत त्या गायकाची कॉलर खांद्यावर सपाट पडलेली आहे. मी ती चार बोटं वाढवली. आत बकरमचं कडक कापड घातलं, एक नाही, दोन थर. कॉलर अशी ताठ उभी राहिली की ह्यांचे दोन्ही कान आत. आता लाग म्हटलं कानाशी, बघू कशी लागतेस. ड्रमवाल्याने खिशातून तो जुना फोटो काढून शंका घेतलीच. मी ठोकून दिलं की शेवटच्या कार्यक्रमातला कोट असाच होता, शिवणारीला तुम्ही शिकवू नका. बिचाऱ्याने फोटो परत खिशात घातला. हे तर काय, मी देईन तो कोट घालणारे.

त्या शनिवारी हॉल गच्च भरला होता. बिलियर्डच्या टेबलावर फळी टाकून खाण्याच्या थाळ्या मांडलेल्या, घडीच्या खुर्च्या भिंतीपर्यंत. मी पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. हे कॉलर उभी करून आले आणि टाळ्या पडल्या. पहिल्याच गाण्यात ह्यांनी सुरुवात चुकवली. एरवी दातवाली सुरुवातीला ह्यांच्या उजव्या बाजूला सरकते, ते मी हजारदा पाहून हजारदा चरफडले होते. आजही ती सरकली. मान उंच केली, टाचा वर केल्या, पण मध्ये माझं बकरम. दुसऱ्या गाण्यात हे फार लवकर सुरू झाले, तिसऱ्यात फार उशिरा. लोकांना वाटलं, नवीन गंमत बसवली आहे. नणंद हसून हसून माझ्या अंगावर पडत होती.

मग ते कडवं आलं. हे अडले. वाजवणारे थांबले. दातवाली जवळ गेली आणि कॉलरच्या काठाशी काहीतरी बोलली. हे हसले नाहीत. ती पुन्हा बोलली. ह्यांनी मान वळवली आणि माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं, “काय?”

हॉल हशाने फुटला. शिट्ट्या, टाळ्या, कोणी खुर्च्यांवर थापा मारतंय. शेवटी लोकांनीच ते कडवं म्हणून टाकलं. एवढी सुंदर नक्कल आजवर झाली नव्हती, असं मागे कोणीतरी म्हणालं. मी मात्र ह्यांचा चेहरा पाहत होते. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसांना बाहेर काढतात ना हे, त्या आतल्या माणसांचा असतो तसा चेहरा होता. ती नक्कल नव्हती.

मध्यंतरात दातवालीने माझा दंड धरला आणि मला पत्त्यांच्या खोलीच्या दारापाशी नेलं. हसू नव्हतं, दात नव्हते. म्हणाली, “वहिनी, ती कॉलर आत्ताच्या आत्ता उतरवा. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि एका कानाला बँडच्या गोंगाटात ताल सापडत नाही. उजव्यात मी मोजते, तेव्हा ते गाऊ शकतात.”

“काय मोजतेस?”

“एक, दोन, तीन, चार. चारला सुरू करायचं. शांततेत तर त्यांना काहीच कळत नाही कधी सुरू करायचं ते. चार झालं की सुटल्यासारखे हसतात.”

एक, दोन, तीन, चार. बालवाडीतली पोरं म्हणतात ते. यासाठी मी रात्र रात्र जळले होते. मला हायसं वाटायला हवं होतं ना? छे. मी विचारलं, तुला कसं कळलं. तर म्हणाली, त्यांनीच सांगितलं, मी आले त्याच महिन्यात. मग तर मी पेटलेच. हसू दिलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. ह्यांनी तिला आपलं दुखणं दिलं होतं, आणि मी त्याच घरात ह्यांचे शर्ट इस्त्री करत होते.

हे पत्त्यांच्या टेबलापाशी पाणी पीत बसले होते. मी समोर उभी राहिले. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? ते खाली बघून म्हणाले, “तू गाणं बंद करायला लावलं असतंस.”

लावलं असतं, खोटं कशाला बोलू? कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं आणि कोट पेटीत टाकला असता. पण ते मला बोलून दाखवायचं नव्हतं. मी काहीतरी टोचून बोलणार होते आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. डावा कान. पलंगावर मी ह्यांच्या डाव्या बाजूला झोपते. एका रात्री मी होता नव्हता तेवढा धीर गोळा करून ह्यांना सांगितलं होतं, त्या बाईबरोबर गाऊ नका, मला सहन होत नाही. ह्यांनी ‘हं’ केलं. आणि पुढच्या शनिवारी कोट घालून निघाले. त्या ‘हं’वर मी वर्षभर रागाने धुमसत होते. हे आपले निवांत घोरत होते.

मी खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेले. कॉलर हाताने खाली दाबली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द.

ह्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे वळले. “हे आधी का नाही बोललीस?”

मला रडूही येईना आणि भांडताही येईना. बाहेर ड्रमवाला काठ्या आपटून सगळ्यांना बोलवत होता. दातवाली दारात येऊन उभी राहिली, आमच्याकडे न बघता. हे उठले नाहीत. कोटाचं वरचं बटण काढून बसले आणि म्हणाले, तू सांग. म्हणशील तर आत्ता घरी जाऊ.

इतके दिवस मला हेच हवं होतं. मी पर्समधून माझी छोटी कात्री काढली, ह्यांना मान खाली घालायला सांगितलं आणि कॉलरची शिवण उसवली. बकरमचे दोन्ही थर ओढून काढले. उरलेलं कापड दुमडून खांद्यावर सपाट बसवलं, फोटोत आहे तसं. मग वाकून उजव्या कानात म्हटलं, “जा.”

हे उठायच्या आत मी डाव्या कानातही बोलले, जे ह्यांना ऐकू जायला नको होतं ते. ‘हं,’ म्हणाले आणि तिच्या मागोमाग स्टेजवर गेले.