हाडानं दाखवलेली वाट

आमच्या गावात संकटाच्या वेळी कुठं जायचं हे कोंबडीच्या हाडावर ठरायचं, आणि हाड बघायचा प्या रेह. ब्रह्मदेशातल्या आम्हा कया लोकांत त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

त्या दिवशी सकाळपासून सैन्याच्या तोफा वाजत होत्या आणि आवाज जवळ येत चालला होता. गाठोडी बांधून सगळं गाव त्याच्या अंगणात उभं. वाटा दोनच: खाली शहराचा रस्ता, नाहीतर वर कयान लोकांचा डोंगर. प्या रेहनं कोंबडीच्या मांडीच्या हाडाच्या बारीक भोकांत बांबूच्या काड्या खोचल्या. काड्या सरळ शहराकडे झुकल्या.

त्यानं हाड मुठीत झाकलं. ऊन कलायला लागलं तरी पहाटे शहराच्या बाजाराला गेलेल्या, शेजारच्या कयाव जमातीच्या बायका अजून परतल्या नव्हत्या. एरवी दुपार व्हायच्या आत त्या हसत-भांडत याच अंगणावरून जायच्या.

"डोंगर," तो म्हणाला.

"वा रे दादा!" धाकटा भाऊ सो रेह उसळला. "हाड तुझ्या सुनेचं माहेर दाखवतंय होय? उघड मूठ!"

सून मू ताए त्याच डोंगरावरची, कयान. ती पुटपुटली, "मामंजी, माझ्यापायी नको."

प्या रेहनं हाड चुलीत टाकलं. "यायचंय त्यांनी या."

तेवढ्यात भातखाचरात गोळा पडला. माणसं डोंगराकडे धावली. सो रेह मात्र बायकोचा हात धरून शहराच्या रस्त्याला लागला.

चढणीवर झाडीतून बंदुका रोखल्या गेल्या. पहारेकऱ्यांची कयान बोली आम्हा कुणालाच कळेना. ती येणारी एकटी मू ताए हात वर करून पुढं झाली, बापाचं नाव ओरडत राहिली. कितीतरी वेळानं वरून कुणीतरी हसलं. "अगं, तू होय! आणि ही वरात कुणाची?"

बंदुका खाली झाल्या.

काही दिवसांनी सो रेह लंगडत वर आला. एकटाच. रस्त्यावर सैनिक दबा धरून बसले होते. गोळी लागून बायको तिथंच गेली.

"खरं सांग दादा, हाडात काय होतं?"

"शहर."

"म्हणजे हाडाचं ऐकणारा मीच निघालो."

प्या रेह तोंड झाकून रडला.

पुन्हा पळायची वेळ आली तेव्हा लोकांनी त्याच्यापुढं कोंबडी धरली. त्यानं आधी मू ताएला पुढची वाट बघून यायला धाडलं. ती परत येईपर्यंत त्यानं सुरीला हात लावला नाही.