कुरणेबाईंची गाडी का पळेना

दूध पातळ का लागलं याची कारणं दीक्षाबाई कुरण्यांनी तेवीस वर्षं ऐकली होती. म्हैस नुकती व्याली, म्हैस आटायला आली, ओला चारा पडला, वाळका चारा पडला, पोरानं किटली पावसात उघडी ठेवली. मुरगूडकडच्या एका गड्यानं तर, नवी आणलेली म्हैस माहेरच्या आठवणीनं झुरती म्हणून फॅट लागत न्हाय, असं शपथेवर सांगितलं होतं. बाई सगळं ऐकून घेत, सहानुभूतीनं मान हलवत आणि लॅक्टोमीटर पुन्हा दुधात सोडत. म्हशीच्या भावना लॅक्टोमीटर धरत नाही.

बाई दूध संघाच्या प्रयोगशाळेत होत्या. १९८० साली लागल्या तेव्हा तिथं बाईमाणूस म्हणून त्या एकट्याच. जन्म हुपरीजवळच्या खेड्यातला, छप्पन सालच्या नोव्हेंबरातला. नागपूरच्या धम्मदीक्षेला महिना झाला होता, म्हणून वडलांनी पोरीचं नाव दीक्षाच ठेवलं. आईचं नाव यल्लव्वा होतं, ते तसंच राहिलं. तुझं नाव का बदललं नाहीस, असं कुणी विचारलं की यल्लव्वा म्हणायची, "भांडं जुनं हाय, नाव कोरलेलं हाय. आता कोण घासत बसतंय." घासण्यातलं तिला कळत होतं. हुपरीत दुसऱ्यांच्या घरी बसून रिठ्याच्या पाण्यात चांदीची पैंजणं चकचकीत करण्यात तिची उमर गेली, आणि त्यावरच पोरगी कोल्हापुरात राहून बीएस्सी झाली.

२००३ साली बाईंची बदली मुरगूडच्या बाजूच्या केंद्रावर झाली. उचगावातल्या घरापासून तिथं जायचं म्हणजे दोन एसट्या आणि एक वडाप. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून पंधरा दिवस काढल्यावर बाईंनी ठरवलं की गाडी घ्यायची. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेल्या. शिकवणारा शेवटच्या दिवशी म्हणाला, बाईंचा हात चांगला हाय, पाय तेवढा जड हाय. बाईंनी ते कौतुक समजून घेतलं.

छोटी पांढरी गाडी आली आणि बाईंना हायवे सापडला. कागलपर्यंत शेजारी नवरा असे. दादासो कुरणे कागलच्या एका खाजगी कॉलेजात ग्रंथपाल होते. मऊ बोलणारा, सावकाश चालणारा माणूस. फाटकी पुस्तकं स्वतः शिवून बांधायचा त्यांना नाद होता. जाड पुठ्ठा, काळं रेक्झिन, कोपऱ्यांना लाल कापड. घरातली लाइटबिलंसुद्धा त्यांनी बांधून ठेवली होती. उचलली की धर्मग्रंथ हातात घेतल्यासारखं वाटे. गाडीत ते डाव्या हातानं वरची कडी धरून बसत आणि कागल आलं की ती कडी सोडवायला त्यांना थोडा वेळ लागे.

डिसेंबरात गाडी दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला गेली. शिरोलीच्या बाजूला नवंच काचेचं शोरूम झालं होतं, तिथं. परत आली आणि दोन दिवसांत तिचा जीव गेल्यासारखं झालं. चालू व्हायची, आवाज नीट, धूर नाही, पण पंचावन्नच्या पुढं काटा जाईना. चढ लागला तर चाळीस, पस्तीस, तीस. जानेवारीत मुरगूडच्या रस्त्यावर एका चढाला ऊस टाकून रिकामा परतणारा ट्रॅक्टर मागून आला, दोन ट्रॉल्या खडखडवत, गाणी लावून, आणि बाईंच्या गाडीच्या पुढं निघून गेला. जाता जाता ट्रॅक्टरवाला वाकून म्हणाला, "मावशी, दोर टाकू का?"

त्याच दिवशी केंद्रावर एका शेतकऱ्याच्या किटलीला जरा कमी फॅट लागली आणि बाईंनी त्याला असं काही झापलं की तो म्हशीची तब्येत सांगायची विसरला.

शोरूममध्ये यशराज नावाचा पोरगा होता. पांढरा शर्ट, टाय, हातात पॅड. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला की इंजिन नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो. बाई म्हणाल्या की आधी मोकळं होतं, तुमच्याकडं येऊन आखडलं. मग तो म्हणाला पेट्रोलात भेसळ असणार.

भेसळ हा शब्द त्यानं चुकीच्या माणसापुढं काढला होता. बाईंनी दुसऱ्या दिवशी टाकीतलं पेट्रोल नमुन्याच्या बाटलीत काढलं, फिल्टर पेपरवर थेंब टाकला आणि वाळू दिला. डाग राहिला नाही. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी यशराजच्या पॅडवर ठेवला. यशराजनं कागद उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, एसी लावता का? जानेवारीत कोण लावतं, असं बाईंनी विचारलं. तेव्हा तो जरा खालच्या आवाजात, समजुतीनं म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. लेडीज ड्रायव्हिंगमध्ये काय होतं, क्लचवर पाय राहतो."

तेवीस वर्षांत हजारभर म्हशींची दुखणी बाईंनी ऐकली होती, पण त्यातल्या एकाही गड्यानं दूध पातळ लागायचा दोष तपासणाऱ्या बाईवर टाकला नव्हता. हे पोरगं पुढं जाणार, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

गाडी एक दिवस ठेवून घेतली. परत मिळाली ती धुऊन, पुसून, आत उदबत्तीसारखा वास मारून. कार्डावर लिहिलं होतं: प्लग साफ केले, एअर फिल्टर साफ केला, रोड टेस्ट ओके. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडल्यावर बाईंनी पाय दाबला. पंचावन्न.

शेजारी बसलेले दादासो म्हणाले, "मला तर गाडी बरी झाल्यागत वाटतीया. कशी संथ चाललीया." बाईंनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली की ते खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले.

दूध संघाच्या टँकरच्या ड्रायव्हरला बाईंनी विचारलं, एअर फिल्टर म्हणजे काय आणि असतो कुठं. त्यानं बॉनेट उघडून काळा डबा दाखवला. इंजिनाचं नाक म्हणा, बाई, हितनं त्ये वारं घेतंय. बाईंनी नमुन्याच्या बाटलीला लावतात तसली चिठ्ठी घेतली, तारीख घातली, सही केली, आणि अर्धी डब्यावर, अर्धी झाकणावर अशी चिकटवून टाकली. मग चेहरा पाडून गाडी पुन्हा शोरूमला नेऊन दिली.

तिसऱ्या दिवशी यशराजनं हसत कार्ड पुढं केलं. फिल्टर काल पुन्हा एकदा साफ केला, असं त्यावर लिहिलं होतं. आता मात्र गाडी एकदम फ्री आहे, म्हणाला.

बाईंनी त्याला बॉनेट उघडायला लावलं.

"ही सही कुणाची?"

यशराजनं वाकून वाचलं. "तुमची, मॅडम."

"तारीख?"

"परवाची."

"मग काल झाकण न उघडता फिल्टर साफ कसा केला? बाहेरनं फुंकर घालून?"

यशराजच्या गळ्यातला टाय एकाएकी घट्ट झाला असावा, कारण तो त्यात बोट घालू लागला. शेजारी गाडी न्यायला आलेले दोन-तीन लोक सरकत जवळ आले. एकानं आपल्या गाडीचं कार्ड खिशातून काढलं आणि नव्यानं वाचायला घेतलं. तेवढ्यात मॅनेजर सयाजीराव केबिनमधून धावत आले. मॅडम आत बसा, एसी आहे, चहा घेऊ, असं त्यांचं सुरू झालं. बाई म्हणाल्या की चहा इथंच आणा, आणि ज्याला गाडीतलं कळतं असं कुणी इथं असेल तर त्यालाही आणा.

असा एक माणूस होता. गुंडू मिस्त्री. पन्नाशीचा, आयुष्य ट्रकच्या गॅरेजात गेलेला. शोरूमनं त्याला हातासाठी घेतला होता आणि तोंडासाठी मागं ठेवला होता. गिऱ्हाइकापुढं यायची त्याला बंदी होती. तो हात पुसत आला. चिठ्ठी फाडून झाकण उघडलं, फिल्टर काढून आपटला, तेव्हा मुरगूडच्या रस्त्यावरचा सगळा फुफाटा आणि उसाचं पाचट सयाजीरावांच्या बुटावर पडलं.

"ह्याला कुणी हात लावलेला न्हाय," गुंडू म्हणाला. सयाजीराव यशराजकडं बघायला लागले, यशराज काचेकडं. गुंडूनं फिल्टर हवेनं साफ केला, परत बसवला, आणि मान हलवली. एवढ्यानं गाडी इतकी बसत नाही, त्याचं म्हणणं. त्यानं बाईंना आत बसवलं आणि स्वतः बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"दाबा, बाई."

"दाबलाय."

"फुल्ल दाबा."

"फुल्लच हाय की. अजून काय पाय खालच्या रस्त्याला लावू?"

"हितं अर्धंच उघडतंय," गुंडू म्हणाला. तो फिरून बाईंच्या दारापाशी आला, त्यांना उतरवलं आणि पेडलखाली डोकं घालून उताणा झाला. पाय तेवढे बाहेर. आतून चाचपल्याचा आवाज आला. मग त्यानं रबरी मॅट उचलली आणि खालून एक वस्तू काढली.

हाताच्या पंजाएवढी होती. जाड पुठ्ठ्याचे चार-पाच थर, वरून काळं रेक्झिन, कडेनं पांढऱ्या दोऱ्याची एकसारखी शिलाई. कोपऱ्यांना लाल कापड.

गुंडूनं ती उजेडात धरली. "पेडल ह्याच्यावर येऊन टेकतंय. म्हणून निम्म्यातच थांबतंय." मग उलटी करून पाहिली. "कंपनीचा पार्ट न्हाय हा. कंपनी एवढी चांगली शिलाई करत न्हाय."

हा आमच्याकडचा नाही मॅडम, असं सयाजीराव लगेच म्हणाले. भर वर्कशॉपात, दहा माणसांसमोर त्या लाल कोपऱ्यांकडं बघत बाई उभ्या होत्या. घरातली लाइटबिलं, पोरांची जुनी पुस्तकं, त्यांची स्वतःची बीएस्सीची वही, सगळ्यांना हेच कोपरे होते. पहिल्यांदा कानशिलं तापली. मग पोटातून हसू वर यायला लागलं, आणि ते बाहेर पडलं तर गेल्या दोन महिन्यांची इज्जत शोरूमच्या फरशीवर सांडेल म्हणून त्यांनी ओठ घट्ट दाबले.

"माझं हाय ते," त्या म्हणाल्या आणि वस्तू पर्समध्ये टाकली.

यशराजच्या तोंडावर आठवडाभरात पहिल्यांदा रंग आला. "म्हणजे मॅडम, गाडीत फॉल्ट नव्हताच तर."

"गाडीत नव्हता. तुझ्या कार्डात हाय. ते फाड आणि नवीन लिव. फिल्टर कुणी साफ केला, कधी केला, खरं काय ते लिव."

त्यानं लिहिलं. गुंडू मिस्त्रीचं नाव त्या शोरूमच्या कार्डावर पहिल्यांदाच आलं. बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं, चहा संपवला आणि निघाल्या. हायवेला लागल्यावर पाय दाबला तर गाडी अशी उसळली की पर्स सीटवरून खाली पडली.

दादासो घरी पेपर वाचत बसले होते. बाईंनी ती वस्तू पेपरावर ठेवली. दादासोंनी चष्मा वर केला, वस्तू हातात घेतली, कडेनं बोट फिरवलं.

"शिलाई टिकली म्हणायची," ते म्हणाले.

मग बराच वेळ बाई बोलल्या. दोन महिने त्या शोरूमशी भांडत होत्या, ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना दोर देऊ केला, आणि नवरा शेजारी बसून ऊस बघत होता. सर्व्हिसिंगचा मुहूर्तसुद्धा कसा साधला, म्हणजे संशय शोरूमवर. दादासोंनी त्यातलं काहीच नाकारलं नाही. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा ते म्हणाले, "गोकुळ शिरगावजवळ तू दोन टँकर एकदम मागं टाकलेस, आठवतंय? समोरनं एसटी आलती. तिच्या ड्रायव्हरच्या कपाळावरचा अष्टगंध दिसला मला. मी वरडलो."

"तुम्ही वरडला?"

"व्हय. तू म्हणालीस, गाडीतनं कसला तरी बारीक आवाज येतोय, सर्व्हिसिंगला दाखवाया पायजे."

बाईंना ते आठवलं. त्यांनी शोरूममध्ये तो आवाज खरंच बघायला सांगितला होता. यशराजनं पहिल्या कार्डावर लिहूनही दिलं होतं, आवाज बंद केला.

"तोंडानं सांगायचं हुतं की."

"तीनदा सांगितलं. तू रेडिओ मोठा केलास." दादासोंनी वस्तू पेपरात गुंडाळली. "पर त्या पोरानं फिल्टर उघडला न्हाय, त्ये तुझं बरोबरच हाय."

पुढचे चार दिवस दादासो कागलला एसटीनं गेले, उभ्यानं. पाचव्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले. बाईंनी काच खाली केली. पंचावन्न जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. पंच्याऐंशी जमणार नाही, असं ते म्हणाले. सत्तरवर तोडगा निघाला, आणि दादासो आत बसले.

त्या रविवारी दोघं यल्लव्वाला आणायला हुपरीला गेले. सत्तरी ओलांडलेली म्हातारी मागच्या सीटवर मधोमध बसली, दोन्ही हात दोन्ही सीटांवर ठेवून. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पट्टणकोडोली मागं पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. काटा सत्तरवर होता आणि दादासो रस्ता सोडून काट्याकडं बघत होते. तेवढ्यात मागून भाजीचा एक टेम्पो आला आणि हॉर्न वाजवत पुढं गेला.

यल्लव्वानं त्याच्याकडं पाहिलं, मग लेकीच्या खांद्यावर थाप मारली. "त्यो कोबी घिऊन पुढं गेला की गं. हाण."

दीक्षाबाईंनी आरशात आईकडं पाहिलं, मग शेजारी पाहिलं. दादासोंनी कडी धरून डोळे मिटून घेतले होते. टेम्पो गडमुडशिंगीच्या अलीकडंच मागं पडला, पण काटा काही उचगाव येईपर्यंत खाली आला नाही.