मावशीचं समाजशास्त्र

माझी मावशी एकोणपन्नासाव्या वर्षी विद्यापीठात गेली, त्याला कारण ड्रेनेजची पाइपलाइन. ती ज्या दुकानात शर्ट शिवते त्याच्यासमोरचा रस्ता खणला गेला, आणि काम संपेपर्यंत दुकान सकाळी नवाऐवजी बाराला उघडेल असं मालकांनी जाहीर केलं. काम कधी संपणार, असं मावशीने मुकादमाला विचारलं. त्याने आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. त्यावरून मावशीने ताडलं की आपल्याला निदान तीन वर्षं सकाळी सुट्टी आहे. आणि बी.ए.ला तेवढीच लागतात.

बारावीची गुणपत्रिका तिने कपाटातल्या कागदांखालून काढली, इस्त्री करून सपाट केली आणि समाजशास्त्राला प्रवेश घेतला. हाच विषय का, असं मी विचारलं. मी तिची भाची. नोकरीसाठी तिच्याकडेच राहते, त्यामुळे असले प्रश्न विचारायचा मला हक्क आहे. ती म्हणाली, तीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता आतून कसे असतात ते बघते.

वेळापत्रकात लिहिलं होतं, साडेसात वाजता, खोली सोळा. ही खोली नव्या इमारतीतली होती. पण गेटवरच्या शिपाईदादांनी सोळा नंबर म्हटल्यावर जुन्या इमारतीकडे बोट दाखवलं, आणि मावशी गेली. तिथेही सोळा नंबर होताच. आत भिंतीला लागून कपाटं होती, कपाटांत बरण्या होत्या, बरण्यांत काहीतरी तरंगत होतं. मावशीला वाटलं, असेल कुणाची अडगळ, सरकारी जागेत काय कुठे ठेवतील नेम नाही. ती दुसऱ्या बाकावर बसली.

सर आले. बारीक आवाजाचे, शर्टाची कॉलर एका बाजूने वर आलेली. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘समाज’. मावशीने वहीत लिहून घेतलं. मग ते म्हणाले की समाजात कामाची वाटणी असते, राणी असते, कामकरी असतात, पिलांना सांभाळणारे वेगळे, दारावर पहारा देणारे वेगळे. मावशीला सगळं पटत होतं. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं की सर मुंग्यांविषयी बोलत आहेत. तिने आणखी मनापासून लिहायला घेतलं.

घरी येऊन तिने आम्हाला समजावलं, की समाजशास्त्र मुंग्यांपासून सुरू होतं. आधी सोपा समाज, मग अवघड. मी वाणिज्य शाखेची, मला काय कळणार? मावशीचे यजमान, म्हणजे काका, लिफ्ट दुरुस्त करतात; कुठलीही गोष्ट खालच्या मजल्यापासून सुरू होते हे त्यांना मान्य होतं. फक्त आठव्या दिवशी भाजी चिरता चिरता ते म्हणाले, “मुंग्यांनाच आठ दिवस लागले, तर माणसांपर्यंत पोचायला तुला पेन्शन लागेल.”

आता प्रश्न असा, की वर्गात कुणी तिला विचारलं कसं नाही? तर प्रवेश अजून चालू होते, हजेरीचं पुस्तक तयार नव्हतं. कोरा कागद फिरायचा, त्यावर जो तो सही करायचा. आणि मुलं तिला का विचारत नव्हती, ते नंतर कळलं. नीट इस्त्रीचे कपडे, वाचायचा चष्मा, सरांच्या प्रत्येक वाक्याला वहीत टिपण. पहिल्याच दिवशी वर्गात कुजबुज झाली की विद्यापीठाने सरांवर तपासणीला बाई पाठवली आहे. मुलांनी हे सरांच्याही कानावर घातलं. त्या दिवसापासून सर ठोक्याला येऊ लागले, रंगीत खडू आणू लागले, आणि शंका असल्यास विचारा, असं दुसऱ्या बाकाकडे न बघता म्हणू लागले. मागचे बाक अळीमिळी गुपचिळी. मावशी मला रोज सांगायची, की शिक्षणाचा दर्जा घसरलाय म्हणणाऱ्यांना एकदा आमच्या सरांच्या तासाला बसवायला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात सूचना लागली की सोमवारी प्रात्यक्षिक आहे, चिमटा आणि भिंग आणावं. भिंग तिने शेजारच्या घड्याळजींकडून आणलं, चिमटा माझा, भुवयांचा. काम होतं एका मेलेल्या मुंगीचं डोकं, छाती, पोट, सहा पाय आणि दोन मिशा वेगळ्या करून पांढऱ्या कार्डावर ओळीने चिकटवण्याचं. वर्गभर मुंग्यांचे हाल चालले होते. कुणाचे पाय साडेचार भरत होते, कुणाचं डोकंच उडून गेलं होतं. मावशीने पिशवीतून सर्वांत बारीक सुई काढली, श्वास रोखला आणि काजाला टाके घालावेत तसं काम उरकलं. सहाच्या सहा पाय, सारख्या अंतरावर.

सर कार्ड बघत उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

“मॅडम, काम फारच सुंदर आहे. पण आपल्याला हे करायची काही गरज नव्हती. आपला अहवाल कधी जायचाय?”

“कसला अहवाल?”

“माझ्यावरचा.”

“सर, मी पहिल्या वर्षाला आहे,” मावशी म्हणाली. “समाजशास्त्राला.”

सरांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की हा कीटकशास्त्राचा वर्ग आहे. मावशीने बरण्यांकडे पाहिलं. आता तिला त्या पहिल्यांदाच नीट दिसल्या. तिने सुई डबीत ठेवली, चिमटा पुसला, वही पिशवीत घातली आणि निघाली. दारापर्यंत कुणी हसलं नाही. दाराबाहेर पाऊल पडल्यावर मात्र आत जे काही झालं, ते तिला जिन्यापर्यंत ऐकू आलं.

घरी तिने सगळं एका दमात सांगितलं. काका ऐकून घेऊन काहीतरी आणायला म्हणून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मीही ओठ चावून बसले होते. मावशी म्हणाली, “हसा. मी आता काही जात नाही तिकडे.”

दोन सकाळी ती घरात बसली. पहिल्या दिवशी तिने घरातल्या सगळ्या कपड्यांना इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी पडदे उतरवून त्यांनाही केली, आणि काकांचं पायपुसणं हातात घेतलं, तेव्हा काकांनी ते तिच्या हातून काढून घेतलं. मग ती म्हणाली, घरी बसून लाज वाटतेच आहे, तर वर्गात बसून वाटू दे. तिसऱ्या दिवशी ती नव्या इमारतीत गेली.

तिथल्या बाई म्हणजे खणखणीत आवाज आणि झपाट्याने चालणं. मावशी अकरा दिवस मागे पडली होती. फळ्यावरची निम्मी नावं तिने ऐकलीही नव्हती. तिने ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण बाईंनी विचारलं, समाज एकत्र टिकतो कशामुळे? कुणी म्हणालं कायद्यामुळे, कुणी म्हणालं भीतीमुळे. बाई मान हलवत पुढे पुढे येत मावशीपाशी थांबल्या.

“मुंगीला दोन पोटं असतात,” मावशी म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. “एक तिचं स्वतःचं, आणि एक सगळ्यांचं. दुसऱ्या पोटातलं ती स्वतः खात नाही, भेटेल तिला भरवते. माणसाचं दुसरं पोट कुठे असतं, ते शिकायला मी आलेय.”

बाईंनी खडू खाली ठेवला आणि ही माहिती कुठून मिळाली असं विचारलं. मावशीने खरं ते सांगून टाकलं: चुकीचा सोळा नंबर, बरण्या, तपासणी, सगळं. या वेळी वर्ग तिच्या तोंडावर हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने बाई हसल्या. मावशीलाही हसू आलं. हसणाऱ्यांत बसलं की हसणं तितकंसं लागत नाही, असं ती रात्री जेवताना म्हणाली.

त्यानंतर तिचं बस्तान बसलं. शेजारी बसणाऱ्या दोन मुलींनी तिला मागच्या टिपणांचे फोटो पाठवले; ते मोठे करून कसे वाचायचे हे शिकवायला आणखी एक सकाळ गेली. ग्रंथालयात पुस्तक मागताना ‘द्या ना एखादं चांगलंसं’ असं म्हणायचं नसतं, नंबर सांगायचा असतो, हेही तिला कळलं. कीटकशास्त्राचे सर एकदा आवारात भेटले. त्यांनी तिचं कार्ड कपाटात नमुना म्हणून ठेवल्याचं सांगितलं. मावशीने तिथल्या तिथे त्यांची कॉलर सारखी करून दिली. मला सांगताना मात्र म्हणाली, की ते पुन्हा उशिरा येऊ लागलेत असं मुलं म्हणतात.

महिना भरता भरता पहिला निबंध द्यायचा होता. विषय ‘कुटुंब’. तिने सहा पानं लिहिली, काकांना वाचून दाखवली, आणि काकांनी स्वतःविषयीचा परिच्छेद काढायला लावल्यावर पाच उरली. निबंध परत आला तेव्हा त्यावर वीसपैकी अकरा गुण होते. समासात लाल शाईने चार ठिकाणी एकच शेरा होता, ‘फार लांब’.

मावशी निबंध घेऊन बाईंच्या खोलीत गेली. भांडायचंच ठरवून गेली होती. मला तसं फोनवर सांगितलंही होतं. बाईंनी एकेक वाक्य तिला वाचून दाखवलं. एका वाक्यात तिचे दोन भाऊ, त्यांच्या बायका, वाटणी आणि समेट, सगळं मावलं होतं. मावशीने कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, डोकं एका बाजूला कलतं करून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. भांडण राहिलंच बाजूला. तीस वर्षांत दुकानात जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

“कमी करून देते,” ती म्हणाली. “गुरुवारी मिळेल.”